बोर्डावरचा एक

त्या रविवारी मी देवळीला पोहोचलो नाही आणि मोनालीची सोयरीक हिंगणघाटच्या मोबाइल दुकानवाल्याशी जुळली. हे झालं. आता हे झालंच नाही असं धरून चालू या. मीही तसंच धरून चाललो होतो, आणि तसं धरलं नाही तर पुढचं सांगायला काही कारणच उरत नाही.

तर मोनालीचं अजून कुठंही जुळलेलं नाही. रविवार यायचा आहे. मी सोयाबीन तेलाच्या कारखान्यात गेटजवळच्या पॅनेलसमोर उकिडवा बसून वायरींच्या टोकांना नंबरच्या टोप्या घालतो आहे.

हा कारखाना वर्ध्याहून येताना देवळीच्या थोडा अलीकडे लागतो. सोयाबीनमधून तेल काढायला तिथे पेट्रोलच्या जातीचं एक द्रावण वापरतात. ते पेट घ्यायला निमित्तच शोधत असतं. म्हणून आत काडेपेटी नाही, सुपारी-तंबाखूचा खर्रा चालतो पण बिडी नाही, आणि मोबाइल गेटवरच्या लाकडी पेटीत ठेवून जायचा. आग लागलीच तर आत किती माणसं राहिली हे बाहेरच्यांना कळावं म्हणून कारखान्याने नवी यंत्रणा मागवली होती. ती बसवायला नागपूरच्या ठेकेदाराने मला पाठवलं होतं. यंत्रणा सोपी आहे. प्रत्येकाच्या हेल्मेटला कॅरमच्या सोंगटीएवढं एक निळं बटण, त्यात बॅटरी. गेटच्या बाहेर एक खांब, गेटच्या आत एक खांब. बटण शेवटचं ज्या खांबाला दिसलं तिकडे माणूस. आणि वर, रस्त्यावरच्या एसटीतूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या लाल आकड्यात, आत किती जण आहेत त्याचा बोर्ड.

काम उजाडायच्या आधी सुरू व्हायचं आणि दिसेनासं झालं की संपायचं. मधल्या काळात काय व्हायचं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ते सगळं एकाच दिवशी झाल्यासारखं वाटतं. केबल ओढायची, सोलायची, तोंडाशी तांब्याची लग लावून दाबायची, ओढून पाहायची. मग दुसरी केबल. सुरुवातीला बोटं दुखायची. नंतर बोटं दुखतात हे कळायचं, पण ती कोणाची तरी बोटं असल्यासारखी. सोयाबीनच्या पेंडीचा वास आधी जेवणात आला, मग झोपेत आला, मग वास म्हणून यायचाच बंद झाला. एकदा अंघोळीनंतर मी स्वतःच्या मनगटाभोवती प्लास्टिकचा पट्टा आवळून त्याचं टोक कापलं. केबल बांधली तरच दिवस पूर्ण होतो, अशी सवय झालेली.

माझं गाव कारंजा घाडगे. आईचा फोन दुपारी यायचा. तेव्हा मी गेटवर येऊन पेटीतून फोन घ्यायचो आणि रस्त्याच्या पलीकडे, बाभळीखाली उभा राहायचो.

"रजत, आयक," आई म्हणाली. आईचं नाव विमलाबाई, आणि ती फोनवर नेहमी बसच्या टपावरच्या माणसाशी बोलावं तशी बोलते. "कवडूजी म्हनते, दोनदा तुमी आले, दोनदा पोरगा नाई आला. फोटोतला पोरगा खरा हाये का नाई, हेच समजून नाई राह्यलं म्हनते."

"मी खरा आहे."

"मले सांगून काय फायदा? मले तं माहीत हाये. रविवारी जेवाच्या आत देवळीले येजो. आमी येतो कारंज्यावरून. हे शेवटचं हाये."

कवडूजी म्हणजे मोनालीचे वडील. देवळीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं. आमच्या कारखान्याच्या सायलोच्या, म्हणजे सोयाबीन साठवायच्या उंच कोठीच्या, जिन्यावर अगदी वरच्या टप्प्यावर चढलं की देवळी दिसते, आणि देवळीत निळी टाकी असलेली एक गच्ची दिसते. ती त्यांची. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो नव्हतो, पण टाकीचं झाकण उडालेलं आहे आणि त्यावर पत्रा ठेवून दगड ठेवला आहे, हे मला माहीत होतं.

मोनालीशी माझं फोनवर बोलणं व्हायचं. ती सावंगीला दवाखान्यात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. तिलाही दिवसभर नळ्यांवर नंबर लावावे लागतात. मला वाटलं होतं की आमचं यावरून जमेल.

"तुमी येऊन राह्यले ना रविवारी?" तिने विचारलं.

"हो. शनिवारी काम संपते. बोर्डावर शून्य आलं की मला सोडतात."

"शून्य काऊन?"

"सगळ्यांना बाहेर काढायचं. बोर्ड शून्य झाला पाहिजे. झाला की यंत्रणा बरोबर, आणि मी मोकळा."

"बरं. तो हिंगणघाटचा हाये ना, मोबाइल दुकानवाला, तो दर आठवड्याले येते. बोलत काई नाई. पन येते."

"काय करते येऊन?"

"बसते. बाबायच्या फोनाले नवीन काच लावून देल्ली त्यानं. फुकट. तुमी या. मले बोलनारा पाह्यजे."

मी "बरं" म्हणालो. मला आनंद झाला असावा. मी परत येऊन उरलेल्या वायरींना टोप्या घातल्या.

शनिवारी कारखाना सफाईसाठी बंद होता. सगळे जण गेटमधून एकेक करून बाहेर आले आणि बोर्डावरचा आकडा उतरत गेला. एखादा आकडा गुळगुळीत उतरताना पाहणं मला आवडतं. कारखान्याचे व्यवस्थापक प्रभाकरराव हात मागे बांधून उभे होते. सुरक्षा अधिकारी धनंजय, जो पुण्याहून नवीन आलेला आणि दर दोन वाक्यांनी नियम सांगणारा, तो वहीशिवाय प्रथमच दिसला. शेवटी भैयाजी बाहेर आले. भैयाजी हे कारखान्याचे जुने गवंडी-फिटर. पाया, भिंत, पाइप, पूजा, सगळं तेच करतात.

बोर्ड एकावर आला आणि थांबला.

आम्ही वाट पाहिली. एखादा माणूस बूट बांधत असेल.

"आत कोण आहे?" धनंजयने विचारलं.

मी पॅनेलच्या पडद्यावर नाव पाहिलं. "मी," म्हणालो.

धनंजयने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग परत माझ्याकडे, पण या वेळी जरा संशयाने. "तू आत आहेस."

"मी इथं आहे."

"यंत्रणेनुसार तू आत आहेस. नियमानुसार बोर्डावर आकडा असेल तर शोधपथक पाठवायलाच हवं."

शोधपथक म्हणजे दोन जण. मला शोधायला मीही गेलो, कारण मी कुठे असू शकतो हे त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं. आम्ही पेंडीचं गोदाम पाहिलं, बॉयलरच्या मागे पाहिलं, केबलच्या खंदकात टॉर्च मारला. मी कुठेच नव्हतो. मी आत होतो तेवढा वेळ माझ्यापुरता बोर्ड बरोबर होता हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय?

बाहेर येऊन मी बटणं ओळखणारा हातातला रीडर घेतला आणि गेटच्या आतल्या खांबाभोवती फिरलो. खांबाच्या पायाशी, टाइल लावलेल्या काँक्रीटजवळ, तो बारीक ओरडला. मी तिथे बसलो. रीडर टाइलवर ठेवला. पडद्यावर माझं नाव आलं, ठेकेदाराचं नाव आलं, रक्तगटसुद्धा आला.

"भैयाजी," मी म्हणालो, "या पायात काय आहे?"

भैयाजी आले, वाकले, आणि आपलं काम पाहणारा माणूस पाहतो तसं कौतुकाने पाहिलं. "पाया हाये. गिट्टी हाये. पूजेचं हाये."

"पूजेचं काय काय?"

"सुपारी, हळकुंड, एक रुपया, अक्षता. अन् पयला नग."

"कसला पहिला नग?"

"जे बसवाचं असते त्याचा पयला नग पायात जाते ना भाऊ. गिरनी बसवली तं मूठभर दाने जाते. मोटर बसवली तं एक नट जाते. इथं हे निळं बटन बसवाचं होतं, तं पेटीतून पयलं बटन काहाडून थाळीत ठुलं. देवाले देल्याबिगर सुरू करते का कोनी?"

पेटी आली तेव्हा बटणं चालतात की नाहीत हे पाहायला मी पहिल्या बटणावर माझं नाव टाकलं होतं. आमच्यासारख्या बाहेरच्या लोकांना बटण मिळत नाही, कागदी पास मिळतो. म्हणजे माझ्या नावाचं जगात तेवढं एकच बटण. पूजेच्या दिवशी मी शिडीवर होतो. खाली नारळ फुटल्याचं ऐकू आलं होतं. नंतर कोणीतरी वर खोबऱ्याचा तुकडा दिला आणि मी तो खाल्ला. म्हणजे मला गाडलं त्याचा प्रसाद मला मिळाला होता. गोड होता, हे मला आठवतं.

"पण पायात टाकलं कोणी?" धनंजयने विचारलं.

भैयाजींनी प्रभाकररावांकडे पाहिलं. प्रभाकररावांनी आकाशाकडे पाहिलं. पूजा त्यांच्या हस्ते झाली होती.

"खांब फोडू," मी म्हणालो.

"देवाले देल्लेलं वापस घेते का कोनी?" भैयाजी म्हणाले. ते माझ्यावर रागावले नव्हते. त्यांना माझ्यासाठी वाईट वाटत होतं, की एवढं शिकून मला हे माहीत नाही.

"फोडायचा प्रश्नच नाही," प्रभाकरराव म्हणाले. "उद्या सकाळी विम्याचे पाहणी अधिकारी येत आहेत. खांब पाडलेल्या अवस्थेत मी त्यांना काय दाखवू? नाव काढून टाका यंत्रणेतून. एवढं सोपं आहे."

ते सोपं नव्हतं. धनंजयने यंत्रणेची पुस्तिका उघडली आणि वाचून दाखवली. आत असलेल्या माणसाचं नाव काढायचं तर तीनच प्रकार होते. एक, तो बाहेर गेला; पण त्यासाठी बाहेरच्या खांबाला बटण दिसलं पाहिजे. दोन, त्याला बचाव पथकाने बाहेर काढलं. पण त्यासाठीही बाहेरच्या खांबाला बटण दिसलं पाहिजे. तीन, तो मृत.

"मृत टाकलं तर?" प्रभाकररावांनी विचारलं. त्यांचा सूर अगदी व्यावहारिक होता.

"तर चौकशी पूर्ण होईपर्यंत गेट आपोआप बंद. उत्पादन बंद."

"मग नको."

"मला त्यात सुट्टी मिळाली असती का?" मी विचारलं.

"मृताला सुट्टी लागत नाही," प्रभाकरराव म्हणाले, आणि ते खरंच आहे.

आम्ही दुसरे उपायही केले. भैयाजींच्या डब्याची झाकणं खांबाच्या पायाशी रचून पाहिली; धातू असला की रीडरला बटण दिसत नाही. बटण दिसेनासं झालं. बोर्ड मात्र एकच राहिला. शेवटचा दिसला तेव्हा माणूस आत होता, म्हणजे तो आत आहे. यंत्रणा विसरत नाही, ही तिची जाहिरात होती. मग बचावाचा प्रकार खरोखर करून पाहिला. मला स्ट्रेचरवर झोपवून चौघांनी गेटच्या बाहेर नेलं. दिवसभर उभं राहिल्यावर स्ट्रेचर फार छान वाटतो. बाहेरच्या खांबाखाली त्यांनी मला थोडा वेळ धरून ठेवलं, इकडे तिकडे कलवलं, जणू मी नीट दिसत नाही आहे. बोर्ड एक.

"या बटणाची बॅटरी किती चालते?" प्रभाकररावांनी विचारलं.

"पाच वर्षं," मी स्ट्रेचरवरून म्हणालो.

भैयाजींनी एवढं ऐकलं आणि ते मान हलवत डब्याची झाकणं धुवायला गेले. त्यांनी पुढचं ऐकलं नाही. पुढचं असं होतं की बॅटरी संपल्यावरही मी आतच राहीन, कारण तेव्हाही शेवटचा मी आतच दिसलेला असेन.

मग धनंजयला कल्पना सुचली. ती सुचताना मी पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

"बोर्ड चुकीचा नाहीये," तो म्हणाला. "बोर्ड म्हणतो एक माणूस आत आहे. रजत आत असेल तर बोर्ड बरोबर. रजत बाहेर असेल तरच बोर्ड चुकीचा. दोष बोर्डात नाहीये."

प्रभाकररावांनी हळूहळू माझ्याकडे पाहिलं.

"उद्या पाहणीच्या वेळी तू आत थांब," ते म्हणाले.

"सर, उद्या माझी पाहणी आहे. देवळीला. मुलगी नाही, मलाच पाहायचं आहे त्यांना. दोनदा राहिलंय. हे शेवटचं."

"किती वाजता?"

"जेवायच्या आत."

"विम्याचे साहेब सकाळीच येणार. जेवणापर्यंत मोकळा होशील." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जवळच तर आहे देवळी."

ते खरं होतं. ती इतकी जवळ होती की मला तिथली टाकी दिसायची.

मी त्या संध्याकाळी गेटवर येऊन आईला फोन केला नाही. मोनालीलाही केला नाही. मी येणारच होतो. येणार असलेल्या माणसाने काय सांगायचं? मी भैयाजींना सांगितलं की सकाळी स्कूटरवर देवळीला जाऊन कवडूजींना निरोप द्या, पोरगा येतोय, थोडा उशीर होईल. भैयाजींनी हो म्हटलं. ते आनंदाने म्हणाले, माझ्यासाठी काही करता आलं म्हणून.

रविवारी सगळे कामगार बाहेर उभे राहिले. मी आत सायलोच्या जिन्यावर बसलो, कारण आत कुठे बसायचं हे कोणी सांगितलं नव्हतं आणि तिथून दिसतं. फोन पेटीत होता. बोर्डावर एक होता. विम्याचे साहेब नागपूरहून आले ते दुपार होता होता, वाटेत कुठेतरी तर्री पोहे खाऊन. मी वरून त्यांची गाडी पाहिली.

त्यांनी बोर्ड पाहिला, प्रभाकररावांना काहीतरी विचारलं. प्रभाकररावांनी हात वर करून माझ्याकडे दाखवलं. साहेबांनी वर पाहिलं. मी हात केला. त्यांनीही हात केला. ते खूश दिसत होते.

देवळीकडे पाहिलं तर निळ्या टाकीजवळ गच्चीवर लुगडी वाळत होती. मग कोणीतरी ती काढली. पाहुणे आले असतील, आमचे असतील. आईला जिना चढायला वेळ लागतो. एक मोटारसायकल गल्लीत वळली, निळ्या टाकीपाशी थांबली आणि परत निघाली नाही. इतक्या दुरून माणूस ओळखू येत नाही, फक्त येतो आहे की जातो आहे एवढं कळतं. हा आला होता.

मला काही वाटेल म्हणून मी वाट पाहिली. मी जिन्याच्या लोखंडावर हात ठेवला. ते तापलं होतं हे मला कळलं, ते भाजतं आहे हे थोड्या वेळाने कळलं. मग मी हात उचलला.

मला शोधायला बचाव पथक आलं. त्यांनी मला खूप लवकर शोधलं, कारण मी हात केला होता. स्ट्रेचरवरून त्यांनी मला गेटपर्यंत आणलं, पण बाहेर नेलं नाही. बाहेर नेलं असतं तर बोर्ड चुकीचा झाला असता. गेटच्या आतल्या खांबापाशी, म्हणजे माझ्याच शेजारी, त्यांनी मला खाली ठेवलं.

"फारच छान," विम्याचे साहेब म्हणाले. "बहुतेक ठिकाणी बोर्ड शून्य दाखवतात. शून्यात काय सिद्ध होतं? इथे खरा माणूस आत ठेवून चाचणी घेतली. यांचं नाव काय?"

"रजत," मी जमिनीवरून म्हणालो.

त्यांनी बोर्ड पाहिला, पडदा पाहिला, माझा चेहरा पाहिला. तिन्ही जुळलं. आयुष्यात माझं इतकं तंतोतंत कधी जुळलं नव्हतं.

मग ते जेवायला बसले. त्यांचा अहवाल जेवणानंतर व्हायचा होता आणि तोवर बोर्ड चुकवून चालणार नव्हतं. मलाही आत डबा आला. वरण होतं, भात होता, पोळी होती, वांग्याची भाजी होती. मी खांबाला टेकून जेवलो.

अहवाल झाला, साहेब गेले, आणि मी गेटबाहेर आलो तेव्हा भैयाजी स्कूटरवरून येत होते. त्यांच्या हँडलला एक पिशवी अडकवली होती.

"चिवडा हाये," ते म्हणाले. "कवडूजीनं देल्ला. चांगले लोक हाये गा. तुमची आईही भेटली. रडून राह्यली होती, पन मंग जेवली."

"तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"जे हाये ते सांगतलं. खोटं काऊन सांगू लग्नाच्या कामात? म्हटलं पोरगा चांगला हाये, निर्व्यसनी हाये, पन तो आमच्या पायात गेला हाये. पाच वर्षं निंगत नाई."

मी चिवड्याची पिशवी घेतली.

"कवडूजी काय म्हणाले?"

"म्हने पाच वर्षं कोन थांबते." भैयाजींनी स्कूटर बंद केली. त्यांचा चेहरा पडला होता. "मी म्हटलं त्यायले, बॅटरी चांगली हाये. त्याचा उपेग नाई झाला."

मी पेटीतून फोन घेतला आणि बाभळीखाली गेलो. मोनालीने दोनदा फोन केला होता, मग एक निरोप टाकला होता, मग फोन करून पाहणं सोडलं होतं. मी लावला.

"बोला," ती म्हणाली.

"मी आत होतो."

"माहीत हाये. भैयाजीनं सांगतलं. बोर्डावर नाव येते म्हने तुमचं. लाल अक्षरात."

"आकडा लाल. नाव साधंच."

"फोटो काहाडून पाठवाचा होता. दाखवला असता घरी."

"आत मोबाइल चालत नाही."

"हं." तिच्यामागे भांड्यांचा आवाज होता, आणि एक पुरुष कोणाला तरी काच कशी लावायची ते सांगत होता. तो बोलत होता. मला वाटलं होतं तो बोलत नाही. "तो हाये इथंच," ती म्हणाली. "मले कोनी विचारलं नाई. पन विचारलं असतं तरी मी काय सांगनार होती? तुमी आत होते."

"हो."

"तुमाले वाईट वाटून राह्यलं का?"

मी तपासून पाहिलं. केबल ओढून पाहतो तसं. "थोड्या वेळाने कळेल," म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "कळलं तं सांगजा."

आता हे झालं नाही असं धरता येत नाही, कारण विम्याचा अहवाल आला आहे. त्यात लिहिलंय की आमची चाचणीची पद्धत आदर्श आहे आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती याच पद्धतीने, याच व्यक्तीला आत ठेवून घ्यावी. खांबाचा पाया मंजूर झाला आहे. त्यात बदल केला तर सगळी पाहणी नव्याने करावी लागेल. ठेकेदाराने मला कारंज्याहून येण्या-जाण्यापेक्षा कारखान्यातच राहा म्हणून सांगितलं. धनंजयने माझ्यासाठी सायलोच्या जिन्यावर एक खुर्ची बांधून दिली. खुर्चीला नंबर आहे. भैयाजींनी तिची पूजा केली. पायात काय टाकलं ते मी विचारलं नाही. खुर्चीला पाय असतात हे मात्र तेव्हा प्रथम लक्षात आलं.

मोनालीची पत्रिका कारखान्याच्या पत्त्यावर आली. लग्न देवळीलाच आहे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी, जेवणासहित. पत्रिकेवर माझं नाव बरोबर लिहिलं आहे आणि खाली तिच्या हाताने: जमलं तर या. म्हणून मी खालील अर्ज लिहून प्रभाकररावांच्या टेबलावर ठेवला आहे. तिथे आधीचेही अर्ज आहेत, ते सगळे नीट रचलेले आहेत.

प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: एका दिवसापुरते बाहेर समजण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या कारखान्यात आतल्या खांबाच्या पायामध्ये कायमस्वरूपी उपस्थित असून त्याच्या उपस्थितीबाबत कोणाचीही तक्रार नाही. तथापि येत्या शेवटच्या रविवारी देवळी येथे एक विवाह आहे व त्यात अर्जदारास भोजनाचे निमंत्रण आहे. सबब विनंती की, सदर दिवशी मंगलाष्टके सुरू झाल्यापासून पहिली पंगत उठेपर्यंत अर्जदार कारखान्याच्या बाहेर आहे असे मानण्यात यावे, व तेवढ्या वेळापुरता बोर्डावरील एक हा आकडा शून्य असा वाचण्यात यावा, ही विनंती. जेवण झाल्यावर अर्जदार स्वतःहून आत येईल.